ॲलन जोन्सची ३२.८९: काउंटी सलामीवीराची सरासरी वाचायची कशी?

दुसरी_स्लिप (धागालेखक)

वेल्समधल्या ग्लॅमॉर्गन काउंटीचा (काउंटी म्हणजे इंग्लंड-वेल्सच्या देशांतर्गत क्रिकेटमधला संघ) डावखुरा सलामीवीर ॲलन जोन्स. पहिला प्रथमश्रेणी सामना १९५७, शेवटचा हंगाम १९८३. ६४५ सामने, ११६८ डाव, ७२ वेळा नाबाद, ३६,०४९ धावा, ५६ शतकं. सर्वोच्च नाबाद २०४, हॅम्पशायरविरुद्ध बेसिंगस्टोकला, १९८० साली, म्हणजे वयाच्या ४१ व्या वर्षी. १९६१ ते १९८३ असे सलग २३ हंगाम हजार धावा. अधिकृत कसोटी सामने शून्य. कसोटी न खेळलेल्या कुठल्याही फलंदाजाच्या एवढ्या धावा नाहीत.

शेजारच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय, "३२.८९ सरासरी? आमच्याकडे रणजी संघातून नाव कापतील." गणित बरोबर आहे (३६,०४९ भागिले १०९६), निष्कर्ष चुकलाय. तो का चुकलाय ते इथे लिहू. आकडे टाकणाऱ्यांनी सोबत खेळपट्टी, चेंडू आणि वेळापत्रकही टाकावं, नुसता आकडा नको.

कांगा_लीग_जुलै

पहिलं कारण उघड्या खेळपट्ट्या. काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत खेळपट्ट्या पूर्ण झाकायला सुरुवात झाली १९८१ मध्ये. जोन्सचे बहुतेक हंगाम त्याआधीचे. खेळ चालू असताना पाऊस आला तर खेळपट्टी भिजायची, आणि गोलंदाजाची धाव नि पाय टाकायची जागा मात्र झाकलेली असायची. फलंदाजासाठी याहून वाईट जोडी नाही. पाऊस थांबला की गोलंदाज कोरड्या जमिनीवरून पूर्ण वेगात धावत येतो आणि चेंडू ओल्या मातीवर टाकतो.

मुंबईच्या पावसाळ्यात कांगा लीग पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी, भिजलेली खेळपट्टी साधारण तीन अवस्थांतून जाते.

आधी ती नुसती चिंब असते. चेंडू घसरून येतो, खाली राहतो, वळत नाही. ओला चेंडू गोलंदाजाच्या हातात बसत नाही. या वेळात धावा होतात आणि त्या तेव्हाच करून घ्यायच्या असतात.

मग ऊन किंवा वारा लागतो. वरचा थर सुकून साय धरतो, खाली लोणी. चेंडू साय फोडून आत रुततो, मातीचा तुकडा उडवतो आणि तिथून एकतर छातीवर येतो नाहीतर काटकोनात वळतो. ही अवस्था तास-दोन तास टिकते आणि तेवढ्यात अख्खा संघ साठ-सत्तरमध्ये गुंडाळला जातो. केंटचा अंडरवूड अशा वेळी जवळजवळ मध्यमगती वेगाने डावखुरी फिरकी टाकायचा. पुढे येऊन टप्प्यावर पोचायला वेळच मिळायचा नाही.

शेवटी सगळं सुकतं, पण मघाचे खड्डे तसेच घट्ट होतात. वळण कमी, उसळी मात्र लहरी.

दुसऱ्या अवस्थेत सलामीवीराचं काम एकच, तास काढणे. खालच्या हाताची पकड ढिली, बॅट पुढे ढकलायची नाही, चेंडू डोळ्यांखाली आला की तिथेच मेला पाहिजे. जो उसळेल तो मांडीवर, बरगडीवर घ्यायचा, कारण ग्लोव्ह लागला की शॉर्ट लेग टपलेलाच असतो. असल्या डावात तासाभरात काढलेल्या १९ धावा धावफलकावर अपयश म्हणून दिसतात. आपल्याकडे याला खडूसपणा म्हणतात आणि तो कौतुकाचा शब्द आहे.

स्कोअरबुक

+१. यात कर्णधारांची चलाखी जोडा. पाऊस पडून गेला आणि आपला संघ फलंदाजी करतोय, तर पहिल्या अवस्थेत झोडून घ्यायचं आणि साय धरायच्या बेतात डाव सोडायचा. मग समोरच्या सलामीवीरांना दहा मिनिटांत पॅड बांधून त्या खेळपट्टीवर उतरावं लागायचं. दोन डावांमधली सुट्टी दहाच मिनिटांची. त्यातली दोन-तीन मैदानातून आत येण्यात जातात.

ग्लॅमॉर्गनचं घरचं मैदान, स्वान्सीचं सेंट हेलेन्स, तिथे तर आणखी जास्त, कारण ड्रेसिंग रूम उंचावर आणि मैदानापर्यंत साठ-सत्तर पायऱ्या. शून्यावर बाद झालेल्या सलामीवीराला त्या सगळ्या लोकांच्या मधून चढून जाव्या लागायच्या.

मधली_यष्टी

रोलरबद्दल कुणी बोललं नाही. पहिला डाव सोडून प्रत्येक डावाआधी, आणि रोज सकाळी खेळ सुरू होण्याआधी, फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराला रोलर मागता येतो. जास्तीत जास्त ७ मिनिटं. हलका की जड, हे तोच ठरवतो आणि शहाणा कर्णधार सलामीवीरांना विचारून ठरवतो.

खेळपट्टीच्या पोटात ओल असेल तर जड रोलर ती वर आणतो आणि पुढचा तासभर चेंडू जास्त हलतो. खेळपट्टी कोरडी आणि घट्ट असेल तर जड रोलर वरचे उंचवटे दाबतो, चेंडू थोडा वेळ मऊ येतो. भेगा पडलेल्या, भुसभुशीत पट्टीवर जड रोलर म्हणजे स्वतःच्या हाताने कबर, कडा तुटून भेगा रुंद होतात. ओळखायचं कसं? अंगठ्याचं नख दाबायचं. ठसा उमटला आणि चमकला तर ओल आहे, पूड निघाली तर हलका रोलर मागा.

ग्लॅमॉर्गनचं दुसरं घर कार्डिफचं सोफिया गार्डन्स (१९६७ पासून, त्याआधी आर्म्स पार्क). संथ पट्टी. चेंडू बॅटवर येत नाही, त्यामुळे ड्राइव्ह मारायला गेलं की झेल वर उडतो. स्वान्सी फिरकीला साथ देणारं. म्हणजे जोन्सचं घरचं अर्धं क्रिकेट अशा दोन मैदानांवर, जिथे नवा चेंडू संपला तरी त्रास संपत नाही.

नाइटवॉचमन

म्हणजे थोडक्यात खेळपट्ट्या वाईट होत्या, म्हणून सरासरी कमी. पण त्याच काळात इंग्लंडच्या सलामीवीर बॉयकॉटची सरासरी पन्नाशीच्या पुढे होती की. त्याला काय वेगळ्या खेळपट्ट्या मिळाल्या?

दुसरी_स्लिप

@नाइटवॉचमन, प्रश्न रास्त आहे. बॉयकॉट जोन्सपेक्षा सरस होता, यात वाद नाही. ३२.८९ म्हणजे छुपी ५० असा दावा इथे कुणी करत नाहीये. दावा एवढाच की त्या काळी तिशीची सरासरी असलेला सलामीवीर कुठल्याही काउंटीला वर्षानुवर्षं हवा असायचा, आणि २३ वर्षं सलग तसा राहिलेला माणूस साधा नव्हे. विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकानेही १९७८ मध्ये वर्षातल्या पाच खेळाडूंत त्याला घेतलं.

बॉयकॉटला काही महिने कसोटीसाठी काउंटीतून सुट्टी असायची. जोन्सला नसायची. वेळापत्रकावर कुणीतरी लिहा.

रविवार_४०_षटकं

लिहितो. १९६९ मध्ये ४० षटकांची संडे लीग सुरू झाली. तेव्हा अजिंक्यपदाचे सामने तीन दिवसांचे. सामना शनिवारी सुरू, रविवारी त्या सामन्याला सुट्टी, पण खेळाडूंना नाही. रविवारी ४० षटकांचा सामना, तोही पुष्कळदा दुसऱ्याच गावी दुसऱ्याच संघाशी. रात्री गाडी चालवत परत, सोमवारी सकाळी अर्धवट राहिलेला डाव पुढे सुरू.

सलामीवीरासाठी यातली अडचण अशी. शनिवारी संध्याकाळी तुम्ही ३५ नाबाद आहात, चेंडू सोडायची लय लागलेली आहे. रविवारी गोलंदाजांना १५ यार्डांचीच धाव, क्षेत्ररक्षण पसरलेलं, आणि तुम्हाला पहिल्या षटकापासून ऑफ-स्टंपबाहेरच्या चेंडूला हात लांबवायचाय. सोमवारी तोच हात आपोआप पुढे जातो आणि स्लिपमध्ये झेल. ही सवय आतून मोडावी लागते. सोमवारी पहिला अर्धा तास ड्राइव्ह बंद, फक्त अंगावरचे चेंडू खेळायचे.

शिवाय प्रवास. वेल्समधून केंटला किंवा उत्तरेला यॉर्कशायरपर्यंत जायचं. दिवसभर स्लिपमध्ये उभं राहून संध्याकाळी शेवटची २५ मिनिटं नवा चेंडू खेळणं ही सलामीवीराची नित्याची शिक्षा. त्या २५ मिनिटांत मिळवायला काही नसतं, गमवायला विकेट असते.

चहापानानंतर

"कसोटी शून्य" यावर. १९७० ची गोष्ट इथल्या तरुण सभासदांना माहीत नसेल.

वर्णभेदाच्या मुद्द्यावरून दक्षिण आफ्रिकेचा इंग्लंड दौरा मे १९७० मध्ये रद्द झाला. रिकाम्या जागी इंग्लंड विरुद्ध शेष विश्व असे पाच सामने ठेवले, गिनेस कंपनीच्या पैशावर. खेळवताना ते कसोटी म्हणूनच खेळवले, टोप्या दिल्या. लॉर्ड्सला १७ जूनला पहिला सामना सुरू झाला, सलामीला जोन्स आणि ब्रायन लकहर्स्ट. इंग्लंड १२७, सोबर्सचे २१ धावांत ६ बळी. मग सोबर्सच्याच १८३ धावा आणि एक डाव राखून पराभव. जोन्स ५ आणि ०. दोन्ही वेळा गोलंदाज दक्षिण आफ्रिकेचा माइक प्रॉक्टर, झेल आपल्या फारुख इंजिनियरचा.

प्रॉक्टर समजून घेतला तर हे दोन झेल समजतात. चेंडू सोडताना तो चुकीच्या पायावर आहे असं वाटायचं, हात फार लवकर फिरायचा, आणि त्याचा चेंडू उजव्या फलंदाजासाठी आत यायचा. तोच चेंडू डावखुऱ्यासाठी बाहेर जातो. अंगावर येतोय असं वाटतं, बॅट सरळ येते आणि शेवटच्या दोन हातांत चेंडू कड घेऊन निसटतो. लॉर्ड्सचा उतार विसरू नका, मैदानाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सुमारे अडीच मीटर. पॅव्हिलियनच्या टोकाकडून टाकलेला चेंडू त्या उतारानेही डावखुऱ्यापासून दूर जातो.

लकहर्स्टने दुसऱ्या डावात ६७ केल्या, पुढच्या सामन्यात नाबाद ११३, आणि त्याची जागा पक्की झाली. एड्रिच आणि बॉयकॉटही मालिकेत परतले. जोन्सला पुन्हा बोलावणं आलं नाही. नंतर आयसीसीने हे सामने कसोटी मानायला नकार दिला आणि जोन्सच्या खात्यातली एकुलती एक कसोटीही गेली.

मधली_यष्टी

सहमत. वर एक कडू भर. १९७२-७३ मध्ये वाडेकरच्या संघाविरुद्ध इंग्लंडचा कर्णधार होता टॉनी लुईस, ग्लॅमॉर्गनचाच. १९६९ मध्ये ग्लॅमॉर्गनने एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळवलं तेव्हाचा कर्णधारही तोच, आणि त्या संघाचा सलामीवीर जोन्स. तरी भारताच्या दौऱ्यावर सलामीला आले ॲमिस आणि बॅरी वुड. चंद्रशेखरने त्या मालिकेत ३५ बळी घेतले. स्वान्सीच्या वळणाऱ्या पट्ट्यांवर पंधरा वर्षं काढलेला डावखुरा घरी बसलेला होता. जोन्स आला असता तर मालिका फिरली असती असं नाही म्हणत, पण निवड समितीचं डोकं कुठे होतं हा प्रश्न उरतोच.

ग्लॅमॉर्गनच्याच डॉन शेफर्डचे २,२१८ प्रथमश्रेणी बळी, आणि तोही कसोटी न खेळलेला. त्या यादीत गोलंदाजांत तो पहिला. कसोटी न खेळता सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक बळी, दोन्ही एकाच काउंटीत. योगायोग म्हणायला जीभ रेटत नाही.

नाइटवॉचमन

म्हणजे कसोटी न खेळता सर्वाधिक शतकांचा विक्रमही जोन्सचाच ना?

स्कोअरबुक

नाही. तो ससेक्सच्या जॉन लँग्रिजचा, ७६ शतकं. तोही सलामीवीरच, धावा ३४ हजारांहून जास्त. १९३९-४० च्या एमसीसीच्या (तेव्हा इंग्लंडचा संघ याच क्लबच्या नावाने दौऱ्यावर जायचा) भारत दौऱ्यासाठी त्याची निवड झाली होती, महायुद्धामुळे दौराच रद्द झाला. पुढे तो कसोटी पंच झाला, म्हणजे कसोटीच्या मैदानावर उतरला तो पांढरा कोट घालून.

हिशेबनीस

कारकिर्दीची आर्थिक बाजू राहिली. काउंटीचा जुना करार एप्रिल ते सप्टेंबर. हिवाळ्यात खेळाडू दुकानात, कारखान्यात, शाळेत, मिळेल तिथे. पहिल्या संघात जम बसला की काउंटीची टोपी मिळायची, आणि टोपीनंतर साधारण दहा वर्षांनी बेनिफिटचं वर्ष, म्हणजे खास सामन्यातून नि वर्गणीतून जमलेले पैसे त्या खेळाडूला मिळायचे. सलामीवीर पस्तिशीपर्यंत एकाच काउंटीला का चिकटून राहायचा, याचं अर्धं उत्तर इथे आहे. मधेच काउंटी बदलली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बेनिफिट करमुक्त का होतं? केंटच्या जेम्स सीमूरचा खटला. १९२० च्या बेनिफिट सामन्यातून त्याला ९३९ पौंड मिळाले, त्यातून त्याने शेत घेतलं, आयकर खात्याने कर मागितला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९२७ मध्ये निकाल लागला की ही पगाराची रक्कम नाही, लोकांनी प्रेमाने दिलेली भेट आहे. खोच अशी की ती करारात लिहिलेली असता कामा नये. लँकेशायर लीगमध्ये ब्रूस डूलँडच्या बाबतीत ५० धावांना किंवा ६ बळींना मैदानात वर्गणी फिरवायची असं करारातच होतं, तर तिच्यावर कर बसला. म्हणून काउंट्या बेनिफिटबद्दल कधीच लेखी आश्वासन देत नसत. सगळं तोंडी, समजुतीचं, आणि समितीच्या मर्जीवर.

२०१७ पासून नियम बदलला. आता पहिले १ लाख पौंड माफ, त्यावर कर.

शिवण_वर

आजच्या काउंटी सलामीवीराशी तुलना करायची तर चेंडू बघा. इंग्लंडच्या ड्यूक्स चेंडूची शिवण पूर्ण हाताने घातलेली, सहा ओळी, उभी राहते. ऑस्ट्रेलियन कुकाबुराच्या बाहेरच्या ओळी यंत्राच्या, लवकर बसतात. ड्यूक्सवर सुरुवातीला लाखेसारखा चकचकीत थर असतो. नवखे समजतात की पहिली दहा षटकं काढली की सुटलो. खरं तर तो थर उतरून गोलंदाजांनी एक बाजू घासून चमकवली की स्विंग वाढतो, आणि हे ४०-५० षटकांपर्यंत चालू शकतं. ८० षटकांना दुसरा चेंडू हजर.

१९९० मध्ये काउंटीत शिवणीचे धागे १५ वरून ९ केले. उन्हाळाही कोरडा होता. त्या वर्षी धावांचा पूर आला. सॉमरसेटचा जिमी कुक, दक्षिण आफ्रिकेचा सलामीवीर, १९८९ मध्ये २,२४१, १९९० मध्ये २,६०८, १९९१ मध्ये २,७५५. तीन हंगाम, ७,६०४ धावा. कुक थोर होताच, पण झाकलेली खेळपट्टी आणि टाँटनच्या घरच्या मैदानावरची पाटा पट्टी त्याच्या आकड्यात मोजा, जशी चिंब स्वान्सी जोन्सच्या आकड्यात मोजायची.

२०१६ ते २०१९ उलटा प्रकार. पाहुण्या संघाला हवं असेल तर नाणेफेक न करताच गोलंदाजी घेता यायची. हेतू हा की यजमानांनी गोलंदाजांना साथ देणाऱ्या हिरव्या पट्ट्या बनवू नयेत.

एप्रिलमधला सराव विचाराल तर तीन गोष्टी. एक, गार्ड मिडल-अँड-लेग आणि डोळे ऑफ-स्टंपच्या वर, म्हणजे डोळ्यांच्या बाहेरचा चेंडू सोडायचा हे मोजायला सोपं. दोन, स्विंग जास्त असेल तर क्रीजच्या फूटभर पुढे उभं राहायचं, चेंडू वळायच्या आत गाठायचा. यष्टिरक्षक पुढे येऊन यष्टीला चिकटला की मुकाट मागे जायचं. तीन, टप्प्यावरून सोडायचं शिकायचं. यष्टी ७१ सेंटिमीटर उंच. कुठल्या टप्प्याचा चेंडू वरून जातो हे प्रत्येक मैदानावर पहिल्या चार षटकांत ठरवायचं. बिगरस्ट्रायकरला उभे असाल तेव्हा यष्टिरक्षक चेंडू गुडघ्यापाशी घेतोय की छातीपाशी ते बघत राहा. बिघडतं ते इथेच. पाटा मैदानावरचा अंदाज घेऊन माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मैदानावर चेंडू सोडतो आणि पायचीत होतो.

रविवार_४०_षटकं

अवांतर: पृथ्वी शॉच्या २४४ धावांचा (नॉर्थॅम्प्टनशायर, सॉमरसेटविरुद्ध, ऑगस्ट २०२३, १५३ चेंडू) दाखला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. ती ५० षटकांची स्पर्धा, पांढरा चेंडू, ऑगस्टचं ऊन. खेळी जबरदस्त, पण या धाग्याच्या प्रश्नाशी संबंध नाही. गावसकर १९८० मध्ये सॉमरसेटला लाल चेंडूने खेळले, वेस्ट इंडीजच्या संघासोबत इंग्लंड दौऱ्यावर असलेल्या रिचर्ड्सच्या जागी. ते उदाहरण जवळचं.

नाइटवॉचमन

पटलं. सरासरीचा मुद्दा मागे घेतो. एकच विचारायचं राहिलं, जोडीदार कोण होते? सलामीवीराचं अर्धं आयुष्य जोडीदारावर जातं.

मधली_यष्टी

१९६९ च्या अजिंक्य हंगामात रॉजर डेव्हिस. सोबर्सने १९६८ मध्ये स्वान्सीला माल्कम नॅशला सहा षटकार मारले, त्यातला पाचवा चेंडू झेलून सीमारेषेपलीकडे पडला तोच हा. नंतर रॉय फ्रेडरिक्स. १९७२ मध्ये स्वान्सीलाच नॉर्थॅम्प्टनशायरविरुद्ध पहिल्या विकेटसाठी ३३०. दोघेही डावखुरे, त्यामुळे गोलंदाजाला एकेरी धावेनंतर दिशा बदलावी लागत नाही, हा तोटा. फायदा असा की एकाला दिसलेली चेंडूची हालचाल दुसऱ्याला जशीच्या तशी सांगता येते. फ्रेडरिक्स हुक मारणारा, जोन्स थांबणारा. यष्टिरक्षक पुष्कळ वर्षं त्याचा सख्खा भाऊ आयफिऑन.

चहापानानंतर

माझ्या वरच्या प्रतिसादाचं शेपूट राहिलं. जून २०२० मध्ये, लॉर्ड्सच्या त्या सामन्याला ५० वर्षं झाली तेव्हा, इंग्लंडच्या मंडळाने जोन्सला कसोटीची टोपी दिली, क्रमांक ६९६. वय ८१, करोनाचे दिवस, सगळा सोहळा व्हिडिओ कॉलवर.

नाइटवॉचमन

मग "कसोटी न खेळता सर्वाधिक धावा" या यादीतून त्याचं नाव निघालं का?

स्कोअरबुक

नाही. टोपी दिली, सामन्याचा दर्जा बदलला नाही. १९७० चे ते पाचही सामने प्रथमश्रेणीतच मोजले जातात, लॉर्ड्सचे ५ आणि ० त्याच्या ३६,०४९ मध्येच आहेत. टोपी ६९६, कसोटी ०.